जोडलेला तुकडा जगतो : पुण्याच्या नाकापासून हनुवटीच्या हाडापर्यंत

इ. स. 1794 च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र छापून आले. पत्राखाली पूर्ण नाव नव्हते, 'बी. एल.' एवढी आद्याक्षरे होती. हिंदुस्थानातील एका मित्राने कळवलेली, युरोपात बहुधा कोणाला ठाऊक नसलेली एक शस्त्रक्रिया त्यात वर्णिली होती. सोबत एका माणसाचे चित्र होते. त्याचे नाव कावसजी. पत्राप्रमाणे हा शेतकरी जातीचा मराठा, इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. त्यानंतर पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया पाहिली होती. पेशव्यांच्या दरबारी चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्स या चित्रकाराने जानेवारी 1794 मध्ये कावसजीचे चित्र काढले.

आज जबड्याचे हाड कापून पुढे-मागे सरकवणारी, हनुवटी नव्याने बसवणारी शस्त्रक्रिया मोठ्या शहरांतील दंत महाविद्यालयांत नेमाने होते. तिच्या इतिहासाची पाठ्यपुस्तके बहुधा अमेरिकेतील 1849 च्या एका लेखापासून सुरुवात करतात. हाडाच्या शस्त्रक्रियेपुरते ते योग्यच आहे. परंतु ज्या एका तत्त्वावर ही सारी विद्या उभी आहे, ते तत्त्व पुण्याजवळच्या त्या कारागिराच्या हाताला आधीच अवगत होते. युरोप-अमेरिकेतील शल्यविशारदांना हाडाच्या बाबतीत तेच तत्त्व पुन्हा शोधावे लागले, आणि त्याला शंभर वर्षांहून अधिक काळ गेला.

मेणाचे नाक आणि कपाळाची कातडी

पत्रात क्रिया बारकाईने सांगितली आहे. आधी नाकाच्या उरलेल्या भागावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याला नाकाचा आकार देण्यात आला. मग ते मेण उलगडून कपाळावर सपाट पसरले आणि त्याच्या कडेने रेघ आखली. एवढी कातडी लागणार, हे त्यावरून ठरले. भूमितीच्या विद्यार्थ्याला यातली अडचण लगेच कळेल. दोन दिशांनी वाकलेला पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा चुरगळल्याशिवाय सपाट होत नाही, संत्र्याची साल टेबलावर सपाट बसत नाही तशी. मेण थोडे दाबले जाते, थोडे पसरते, आणि कातडीही तशीच थोडी ताणली जाते. साच्यासाठी मेण निवडणाऱ्याला हे अनुभवाने माहीत असणार.

नंतर आखलेल्या रेघेवरून कपाळाची कातडी कापून सोडवली, पण पूर्ण नव्हे. दोन डोळ्यांच्या मध्ये कातडीची एक अरुंद पट्टी तशीच राखली. सुटलेली कातडी त्या पट्टीवर फिरवून खाली आणली आणि नाकाच्या जागी, आधी केलेल्या खाचेत तिच्या कडा बसवल्या. टाके घातले नाहीत. विड्यात घालतात तो कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा धरून ठेवला. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावले. दहाव्या दिवसापासून नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. साधारण पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली ती पट्टी कापली आणि नव्या नाकाला शेवटचा आकार दिला.

पट्टी का राखली, याचे कारणही पत्रात आहे: नव्या जागी कातडी जुळून येईपर्यंत रक्ताचे वहन चालू राहावे म्हणून. नाकाच्या मुळाशी, भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक छोटी रोहिणी कपाळावर चढते. पट्टी राखली म्हणजे ती रोहिणी राखली जाते. नव्या जागच्या केशवाहिन्या कातडीत शिरून तिला आपलीशी करीपर्यंत, म्हणजे तीन-साडेतीन आठवडे, जुनी रोहिणीच तिला पोसते.

यामागचे भौतिकशास्त्र साधे पण निष्ठुर आहे. केशवाहिनीतून बाहेर पडलेला प्राणवायू पेशींपर्यंत विसरणाने पोहोचतो. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: अंतर दुप्पट तर वेळ चौपट, अंतर दहापट तर वेळ शंभरपट. त्यातच वाटेतल्या पेशी प्राणवायू वापरत असतात. म्हणून जिवंत ऊतीत केशवाहिनीपासून 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या पलीकडे प्राणवायूची फारशी मजल जात नाही. कातडीचा अगदी पातळ पापुद्रा पूर्ण सोडवून दुसरीकडे लावला तर खालून झिरपणाऱ्या द्रवावर तो दोन-तीन दिवस तग धरतो आणि मग रुजतो. कपाळाच्या कातडीसारखा जाड तुकडा तसा लावला तर बहुधा काळा पडून मरतो. जाड तुकडा जगायचा असेल तर त्याचे रक्त त्याच्याबरोबर आले पाहिजे.

ही कला पुण्यात नव्याने जन्मली नव्हती. कापलेले नाक गालाच्या कातडीने नवे करण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहे. इटलीत गास्पारे तालियाकोत्सी याने 1597 मध्ये दंडाची कातडी नाकाला जोडण्याची रीत ग्रंथरूपाने मांडली होती. तीत रुग्णाचा हात कित्येक दिवस चेहऱ्याशी बांधून ठेवावा लागे आणि पुढे ती मागे पडली. पुण्याची बातमी लंडनला पोहोचल्यावर जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने ती गांभीर्याने घेतली. हिंदुस्थानातून परतलेल्यांकडे त्याने चौकशी केली, मृतदेहांवर सराव केला आणि 23 ऑक्टोबर 1814 रोजी लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. 1816 मध्ये त्याने आपल्या दोन रुग्णांचा वृत्तान्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. तेव्हापासून युरोपात या रीतीला 'भारतीय पद्धत' म्हणतात, आणि कपाळाच्या कातडीने नाक करण्याची रीत आजही प्रचारात आहे.

हाड कापायचे धाडस

कातडी मऊ असते, वळते, लवकर जुळते. हाडाची गोष्ट वेगळी. हाड हा दगड नव्हे, जिवंत ऊती आहे. त्याच्या आतल्या मगजातून आणि बाहेरच्या अस्थिआवरणातून रक्त फिरत असते. करवतीने तोडलेल्या तुकड्याचे रक्त तुटले तर तो तुकडा मरतो, सडतो किंवा हळूहळू झिजून नाहीसा होतो. जबड्याला आणखी एक धोका आहे. खालच्या जबड्याच्या आत एक बोगदा असून त्यातून दातांना आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी चेता जाते. करवत चुकली की ओठ कायमचा बधिर होतो.

तरीही अमेरिकेत व्हर्जिनियातील व्हीलिंग या गावी सायमन हलिहेन या वैद्याने हे धाडस केले. त्याचा लेख 1849 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची रुग्ण एक तरुणी होती. लहानपणी भाजल्यामुळे तिच्या मानेवर आणि छातीवर जाड व्रण झाला होता. व्रणाच्या ओढीने डोके खाली झुकले आणि वाढत्या वयात खालच्या जबड्याचा पुढचा भाग ओढला जाऊन लांब झाला. तोंड मिटत नसे. हलिहेनने जबड्याच्या दोन्ही बाजूंनी पाचरीच्या आकाराचा हाडाचा तुकडा काढला आणि पुढचा भाग मागे बसवला. त्यानंतरच्या दोन शस्त्रक्रियांत मानेचा व्रण आणि खालचा ओठ दुरुस्त केला. जबड्याचा आकार बदलण्यासाठी केलेली ही पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया मानली जाते. तिचे कारण सौंदर्य नव्हते. ती मुलगी तोंड मिटू शकत नव्हती.

1897 मध्ये सेंट लुईस येथे व्हिलरे ब्लेअर याने पुढे आलेला संपूर्ण खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून मागे घेतला. आधुनिक दंतरचनाशास्त्राचा जनक मानला जाणारा एडवर्ड अँगल या प्रकरणाशी संबंधित होता. दातांची जुळणी पाहणारा आणि हाड कापणारा अशी जोडी तेथून सुरू झाली आणि ती आजतागायत टिकली आहे. हाड सरकवले आणि दात जुळले नाहीत तर रुग्णाला घास चावता येत नाही, त्यामुळे दोघांनाही एकट्याने निर्णय घेता येत नाही.

पण त्या काळच्या शस्त्रक्रियांत एक उणीव राहून जाई. आडवे कापलेले हाड म्हणजे दोन अरुंद टोके. ती एकमेकांना जेमतेम टेकत, आणि स्नायूंच्या ओढीने सरकत. कधी जुळत नसत, कधी वाकडी जुळत. वरच्या जबड्याला तर हात लावायलाही कोणी धजत नसे. 1901 मध्ये फ्रान्समध्ये रने ल फोर याने मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर तुटतात याचा अभ्यास केला. आघात निरनिराळे असले तरी भेगा ठराविक दुर्बल रेषांनीच जातात, असे त्याला आढळले. त्यांतली सर्वांत खालची रेषा नाकाच्या तळाशी, वरच्या दातांच्या मुळांच्या वरून जाते. हाड जिथे स्वतःहून तुटते तिथेच शस्त्राने ते सुटे करता येईल, हा विचार त्यातून पुढे आला. जर्मनीत मार्टिन वासमुंड याने 1927 मध्ये त्या रेषेवर वरचा जबडा कापला खरा, पण तो पूर्ण सैल करण्याचे त्याने टाळले. नंतर रबराच्या ताणाने तो हळूहळू ओढून घेतला. कवटीपासून पूर्ण सुटलेल्या जबड्याला रक्त कोठून मिळणार, ही भीती त्या काळात साऱ्यांनाच होती.

युद्ध, नळी आणि पुन्हा पुणे

पहिल्या महायुद्धाने चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेला जबरदस्त गती दिली. खंदकातल्या सैनिकाचे डोके वर आले की गोळी चेहऱ्यावर बसे. 1917 मध्ये लंडनजवळ सिडकप येथे खास चेहऱ्याच्या जखमांसाठी रुग्णालय उघडले आणि हॅरल्ड गिलीज तेथील प्रमुख शल्यविशारद होता. त्याच वर्षी त्याने एक युक्ती रूढ केली. कातडीची पट्टी दोन्ही टोकांना जोडलेली ठेवायची आणि मधल्या भागाच्या कडा एकमेकींना शिवून तिची नळी करायची. नळीत रक्त वाहत राहते आणि आतला मांसल भाग उघडा न राहिल्यामुळे जंतूंचा शिरकाव कमी होतो. एक टोक सोडवून दुसरीकडे लावायचे, ते रुजले की दुसरे टोक सोडवायचे. पुण्याच्या पट्टीचेच हे पुढचे रूप होते.

गिलीज यांच्या हाताखाली शिकलेल्यांत डॉ. नोशीर अंतिया होते. भारतात परतल्यावर त्यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम सुरू केले आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सुघटन शल्यविभाग उभा केला. कुष्ठरोगात नाकाची बाहेरची कातडी बहुधा शाबूत असते, पण आतले अस्तर आणि आधाराचा भाग नष्ट होऊन नाक आत बसते. औषधाने जंतू मेले तरी बसलेले नाक तसेच राहते. गाव त्या माणसाला रोगी समजतच राहते, त्याला काम मिळत नाही, घरचे परत घेत नाहीत. अंतियांनी गिलीजची आतून अस्तर लावण्याची रीत या रुग्णांसाठी वापरली. कावसजीचे नाक शिक्षा म्हणून कापले गेले होते, कोंढव्याच्या रुग्णांचे रोगाने गेले होते. दोघांच्याही बाबतीत हरवलेली वस्तू नाकापुरती नव्हती. 'नाक कापले गेले' या मराठी वाक्प्रचाराचा अर्थ ज्याला कळतो, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

काडेपेटीचा खण

जबड्याच्या हाडाचे कोडे सुटले ते ऑस्ट्रियात. ग्राट्स येथे रिखार्ड ट्राउनर यांच्या हाताखाली काम करणाऱ्या ह्यूगो ओब्वेगेझर याने 1953 मध्ये खालच्या जबड्याचा मागचा भाग आडवा न कापता उभा चिरला. तोंडाच्या आतून, बाहेर एकही व्रण न ठेवता. जबड्याच्या मागच्या भागात हाडाचे दोन टणक थर असतात, एक आतला आणि एक बाहेरचा, आणि मध्ये मऊ मगज. हे दोन थर एकमेकांपासून वेगळे केले की काडेपेटीच्या खोक्यात खण सरकतो तसे ते एकमेकांवर सरकतात. दातांचा भाग पुढे घ्या किंवा मागे, दोन थरांचा रुंद पृष्ठभाग एकमेकांना टेकलेलाच राहतो. जुन्या शस्त्रक्रियेत दोन अरुंद टोके जुळण्याची वाट पाहावी लागे. येथे दोन रुंद पाने समोरासमोर येतात, त्यामुळे हाड लवकर आणि भक्कम जुळते. 1957 मध्ये ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी ही रीत इंग्रजीतून प्रसिद्ध केली. 1961 मध्ये जॉर्जो दाल पोंट याने चिरेची जागा पुढे आणून हा पृष्ठभाग आणखी वाढवला.

1957 च्या त्याच लेखात हनुवटीचीही शस्त्रक्रिया होती. हनुवटी पुढे सरकवण्याची कल्पना ओटो होफर याने 1942 मध्ये मृतदेहावर, बाहेरून छेद घेऊन दाखवली होती. ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी ती तोंडाच्या आतून केली. खालच्या ओठाच्या आत छेद घ्यायचा आणि दातांच्या मुळांच्या खालून, चेतेच्या छिद्रांच्याही खालून हाड आडवे कापायचे. सुटलेला नालाच्या आकाराचा तुकडा पुढे, मागे, वर किंवा तिरका सरकवता येतो. पाहणाऱ्याला वाटते की तुकडा पूर्ण सुटला. परंतु त्याच्या मागच्या बाजूला जिभेखालचे आणि मानेचे स्नायू चिकटलेले असतात. ते सोडवायचे नाहीत, हा नियम. त्या स्नायूंतून येणारे रक्त हनुवटीच्या तुकड्याला जिवंत ठेवते. ज्या शस्त्रक्रियांत तुकडा पूर्ण मोकळा केला गेला, त्यांत तो पुढे झिजण्याचा संभव अधिक असे.

कपाळ आणि नाक यांच्यामधली पट्टी येथे स्नायूच्या रूपाने परत आली. तत्त्व तेच.

माकडांच्या जबड्यातली शाई

वरच्या जबड्याची भीती मात्र अजून गेली नव्हती. 1966 मध्ये ओब्वेगेझरने वॉशिंग्टन येथे आपल्या शस्त्रक्रिया अमेरिकन शल्यविशारदांपुढे मांडल्या. हे सुरक्षित का असते, हा प्रश्न तेथील काहींच्या मनात राहिला. त्याचे उत्तर विल्यम बेल यांनी प्रयोगाने शोधले. ऱ्हीसस माकडांचे जबडे शस्त्रक्रियेने कापायचे, ठराविक दिवसांनी त्यांच्या रोहिण्यांत क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य भरायचे आणि हाडाच्या पातळ चकत्या करून रक्तवाहिन्यांचे जाळे पाहायचे. 1969 पासून 1975 पर्यंत प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांनी दाखवले की कापलेल्या वरच्या जबड्याला टाळूच्या आणि गालाच्या आतल्या मऊ त्वचेतून पुरेसे रक्त मिळते. ती जोडलेली राहिली तर कवटीपासून पूर्ण सैल झालेला जबडाही जगतो आणि नव्या जागी जुळतो.

वासमुंडने 1927 मध्ये घेतलेली सावधगिरी चुकीची नव्हती. त्याच्या हाती पुरावा नव्हता, एवढेच. पुण्याच्या कारागिराजवळही असा पुरावा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. अनुभवाने कातडीचे सत्य कळले, पण हाडाचे कळण्यासाठी प्रयोग करावा लागला. दोन्ही प्रकारच्या ज्ञानाच्या मर्यादा येथे स्पष्ट दिसतात.

यानंतरची प्रगती वेगाने झाली. पूर्वी हाड जुळेपर्यंत सुमारे सहा आठवडे वरचे आणि खालचे दात तारेने बांधून ठेवावे लागत. रुग्ण पातळ पदार्थांवर राही. 1970 च्या दशकात फ्रान्समध्ये मिशले आणि शांपी यांनी छोट्या धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू जबड्यासाठी वापरात आणले. चावताना जबड्यात कोठे ताण येतो आणि कोठे दाब येतो, हे मोजून ताणाच्या रेषेवरच पट्टी बसवायची, हा शांपी यांचा विचार. तुळईला सळई कोठे घालायची हे स्थापत्य अभियंता ज्या गणिताने ठरवतो, तेच हे गणित. आज या पट्ट्या बहुधा टायटॅनियमच्या असतात.

किती पुढे, हे कोण ठरवणार?

चेहऱ्याचा तोल मोजता येतो का? 1931 मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफराथ यांनी एकाच वर्षी, स्वतंत्रपणे, डोके एका चौकटीत स्थिर धरून बाजूने क्ष-किरण छायाचित्र घेण्याची रीत मांडली. किरणांचा उगम डोक्यापासून सुमारे 5 फूट दूर ठेवतात. उगम जवळ असेल तर किरण जास्त फाकतात आणि जवळचा गाल व दूरचा गाल वेगवेगळ्या मापाचे दिसतात. अंतर वाढवले की ही चूक घटते. या छायाचित्रावर ठराविक बिंदू जोडून कोन मोजतात. 1953 मध्ये सेसिल स्टायनर यांनी वरच्या जबड्यासाठी 82 अंश आणि खालच्यासाठी 80 अंश असे आदर्श कोन सुचवले, आणि ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

हे कोन निसर्गाचे स्थिरांक नव्हेत. प्रकाशाचा वेग मुंबईत आणि लॉस एंजेलिसमध्ये सारखाच असतो, हनुवटीचा कोन तसा नसतो. अमेरिकेत आदर्श समजल्या गेलेल्या थोड्या चेहऱ्यांवरून आलेला आकडा भंडाऱ्याच्या किंवा दुर्गच्या मुलीच्या चेहऱ्याला लावला, तर निरोगी चेहराही सदोष ठरू शकतो. म्हणूनच निरनिराळ्या समाजांची सरासरी मापे स्वतंत्रपणे घेण्याचे काम भारतातील दंत महाविद्यालयांनी केले आहे. आता संगणकावर जबड्याची त्रिमितीय प्रतिकृती करून शस्त्रक्रिया आधीच आखतात आणि दातांत धरायची पट्टी छापून घेतात. मेणाच्या पत्र्याचा हा वारस अतिशय अचूक आहे. पण हाड किती मिलिमीटर सरकवता येईल हे संगणक सांगतो. ते सरकवावे का, हे सांगत नाही.

हा प्रश्न आज महत्त्वाचा झाला आहे, कारण या शस्त्रक्रियेची जाहिरात आता 'रेखीव हनुवटी' म्हणून होते. लग्नासाठी पाठवायच्या फोटोचा दबाव कित्येक घरांत असतो. शस्त्रक्रिया मात्र किरकोळ नाही. उभ्या चिरेच्या शस्त्रक्रियेनंतर खालचा ओठ काही काळ बधिर राहणे सामान्य आहे, आणि काहींच्या बाबतीत ती बधिरता पूर्ण जात नाही. सरकवलेले हाड काही अंशी मागे येऊ शकते. जबड्याची वाढ पूर्ण होण्याआधी केली तर पुढच्या वाढीने सारे गणित बिघडते. म्हणून बहुधा किशोरवय संपेपर्यंत थांबतात.

दुसऱ्या बाजूला ज्यांना तिची खरी गरज असते, त्यांचे चित्र जाहिरातीत दिसत नाही. लहान मूल हनुवटीवर पडते. आघाताचे बल जबड्याच्या कमानीतून कानांपुढच्या दोन सांध्यांपर्यंत पोहोचते. सांध्यात रक्त साकळते, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर काही मुलांचा सांधा हाडाने जखडून जातो. कानातून पू येण्याचा जुना आजारही असाच सांध्यापर्यंत पसरू शकतो. मग तोंड उघडत नाही, दात घासता येत नाहीत, भात-वरणही बोटाने दातांच्या फटीतून आत ढकलावे लागते. जबड्याच्या वाढीला या सांध्याचा मोठा हातभार असल्यामुळे हनुवटी मागेच राहते. जीभ हनुवटीच्या आतल्या बाजूला बांधलेली असते, त्यामुळे तीही मागे राहते आणि झोपेत श्वासाची वाट अडवते. असे मूल रात्रभर घोरते, दचकून उठते आणि दिवसा वर्गात पेंगते. त्याची हनुवटी पुढे आणणे म्हणजे त्याच्या श्वासाची वाट मोकळी करणे.

अशा मुलांसाठी आणखी एक रीत उपलब्ध झाली. सायबेरियातील कुर्गान येथे गाव्ऱील इलिझारोव्ह याने 1950 च्या दशकात पायाचे हाड कापून, रोज सुमारे 1 मिलिमीटर या गतीने दोन टोके दूर सारत नेली, तर मधल्या फटीत नवे हाड तयार होते असे दाखवले. 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी मुलांच्या खालच्या जबड्यावर याच रीतीने केलेल्या शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. गती जास्त ठेवली तर फट हाडाने भरत नाही. कमी ठेवली तर हाड वेळेआधीच जुळून बसते. येथेही अस्थिआवरण आणि त्यातले रक्त राखणे ही पहिली अट आहे. हाडाबरोबर स्नायू आणि कातडीही हळूहळू वाढतात, म्हणून चेहऱ्यावर ताण येत नाही.

नाव कोणाचे राहिले

1794 च्या त्या पत्रात रुग्णाचे नाव आहे, ती क्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रज वैद्यांची नावे आहेत. चित्रकार वेल्सचे नाव इतिहासाने जपले. लंडनच्या कार्प्यूचे नाव त्याच्या पुस्तकामुळे राहिले. ज्याने नाक केले, त्याची ओळख मात्र 'विटा करणाऱ्या जातीचा' एवढीच नोंदली गेली. मातीला आकार देणारा, मेण हाताळणारा, बहुधा कुंभार. त्याने स्वतः काही लिहिले नाही, आणि त्याच्या काळातल्या पुण्यात ज्यांना लिहिता येत होते त्यांनाही ही विद्या टिपून ठेवावीशी वाटली नाही. बापाकडून मुलाकडे जाणारे ज्ञान असेच असते. लिहिले गेले नाही तर त्याची परीक्षा होत नाही, त्यात भर पडत नाही, आणि एखाद्या पिढीत मुलाने दुसरा धंदा धरला की ते तिथेच थांबते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या इतिहासातून अभिमान घ्यावा की खंत, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु एक काम दोन्हींपेक्षा अधिक उपयोगी आहे. आपल्या आसपास जे हाताने काम करतात, हाड बसवतात, धातू वितळवतात, रंग बनवतात, त्यांना जे अनुभवाने ठाऊक आहे ते विचारावे, मोजून पाहावे, खरे ठरले तर त्यांच्या नावासह लिहून ठेवावे आणि खोटे ठरले तर तसेही लिहावे. कार्प्यूने हिंदुस्थानातून परतलेल्यांना प्रश्न विचारले, सराव केला आणि स्वतः पडताळा घेऊन छापले. पुण्यात तो कारागीर क्रूसो आणि फिंडले यांच्या समोर होता. त्याचे नाव विचारण्यास एक वाक्य पुरले असते.